अथर्व की अद्वैत: जोडाक्षरात अडकलेलं बारसं

प्रश्न: बाळ सोळा दिवसांचं आहे, बारसं येत्या रविवारी. मला 'अथर्व' हवंय. नणंद 'अद्वैत'वर अडून बसल्यात, आणि नाव आत्याच ठेवणार. सासूबाई म्हणतात, गुरुजींनी पुष्य नक्षत्राचा दुसरा चरण काढून 'हे' अक्षर दिलंय, मग दोघींचं 'अ' कशाला? चुलतसासऱ्यांच्या मते अथर्ववेद म्हणजे जादूटोणा, ते नाव घरात नको. मोठी मुलगी चार वर्षांची, तिचं नाव आद्या, घरात 'आदू'. तिच्या बालवाडीत दोन अथर्व आहेत. मिस्टरांना कंपनी पुढच्या वर्षी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवेल असं दिसतंय. त्यात हॉस्पिटलमधून फोन येतोय की २१ दिवसांच्या आत नाव द्या. काय करू? (आद्याची आई, चिंचवड)

उत्तर: फोनची भीती आधी काढून टाका. २१ दिवसांची मुदत जन्माची खबर देण्यासाठी आहे, नावासाठी नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्यानुसार बाळ हॉस्पिटलात जन्मलं की खबर द्यायची जबाबदारी हॉस्पिटलची. फॉर्ममध्ये बाळाच्या नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा हॉस्पिटलला सांगा, "नावाचा रकाना कोरा सोडा, आईवडिलांची नावं मात्र आधारवर आहेत तशीच लिहा." या दुसऱ्या वाक्यावर जोर द्या. बाळंतपणाची फाइल अनेकदा माहेरच्या नावाने उघडलेली असते आणि तेच नाव पुढे दाखल्यावर उतरतं.

घाईत काहीतरी देऊन टाकू आणि मग बदलू, हा विचार करू नका. टंकनाची चूक दुरुस्त होते. घरात मत बदललं म्हणून नोंदवलेलं नाव बदलायला निघालात तर राजपत्रात जाहिरात देण्यापर्यंत मजल जाते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. दाखल्यावरचं स्पेलिंग चुकलं की ते पुढे प्रत्येक कागदावर चुकत जाणार.

आता चुलतसासऱ्यांकडे वळू. अथर्ववेदात अभिचाराची, म्हणजे शत्रूवर चालवायच्या मंत्रांची सूक्तं आहेत हे खरं. पण त्याच्या वीस कांडांत ताप, खोकला, जखम यांवरची भैषज्यसूक्तं आहेत, लग्नाची सूक्तं आहेत, आणि बाराव्या कांडात भूमिसूक्त आहे: 'माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः' ही ओळ तिथली. एवढं सांगून काका ऐकतील. नसतील ऐकत तर विचारा, गणपतीला रोज म्हणतात त्या अथर्वशीर्षात कुठलं अथर्व आहे?

शब्दाचं मूळ मात्र नावांच्या याद्यांत असतं तसं 'अथर्व म्हणजे गणपती' असं नाही. मूळ शब्द 'अथर्वन्', त्या नावाचे ऋषी अग्निविद्येशी जोडलेले. यास्काने 'निरुक्त' या शब्दांची मुळं सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात 'थर्व' म्हणजे चालणं, हलणं असं सांगून अथर्वन् म्हणजे न हलणारा, स्थिर, असा अर्थ लावला आहे. घरात सांगायला 'स्थिर' हा अर्थ पुरेसा आहे आणि तो खोटाही नाही.

अद्वैतच्या बाबतीतही याद्या घोळ घालतात. 'अद्वितीय, ज्याच्यासारखा दुसरा नाही' असा अर्थ छापलेला असतो. अद्वैत म्हणजे दुजेपणा नसणं. जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीत, हा शंकराचार्यांचा सिद्धांत, आणि ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' वाचणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका नाही. ते मुळात माणसाचं नाव नव्हे, तत्त्वाचं नाव आहे, तेही संस्कृतात नपुंसकलिंगी. त्यात गैर काही नाही, आपल्याकडे आनंद, विवेक ही नावंसुद्धा अशीच आली. नणंदबाईंनी 'युनिक' या अर्थाने निवडलं असेल तर त्यांना खरा अर्थ सांगा. तो जास्त चांगला आहे.

अर्थाच्या तराजूत दोन्ही पारडी सारखी. खरा फरक जोडाक्षरात आहे, आणि आयुष्यभर भोवतं तेही जोडाक्षरच.

कागद घ्या आणि घरातल्या पाच जणांना दोन्ही नावं लिहायला सांगा. बघून नाही, ऐकून. एखादा तरी 'अर्थव' लिहील. अथर्वमधला रफार 'व'च्या डोक्यावर असतो, म्हणजे उच्चारात 'र'च्या आधी 'थ' येतो आणि 'र'च्या नंतर 'व'. पण 'अर्थ' हा शब्द हाताला इतका सवयीचा आहे की 'अ' आणि 'थ' आले की रफार आपोआप 'थ'वर जाऊन बसतो. संगणकावर आणखी एक गोम आहे. युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी र, मग हलन्त, मग व असं टाइप करायचं असतं. जुन्या टंकलेखन पद्धतीच्या फाँटवर रफार अक्षरानंतर मारायचा असतो. ज्याची सवय एका पद्धतीची आणि काम दुसऱ्या पद्धतीवर, त्याचा रफार एक घर पुढे किंवा मागे पडतो. लग्नपत्रिका, शाळेचा निकाल, सोसायटीतल्या बक्षीससमारंभाचा फलक, कुठेही नजर टाका, एखादा 'अर्थव' सापडतोच.

अद्वैतचीही तीच गत, फक्त चूक वेगळी: 'अव्दैत'. 'द्व' या अक्षरात 'व' हा 'द'च्या पोटाला लटकलेला असतो, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हे डोळ्याला कळत नाही. कितीतरी सरकारी परिपत्रकांतही 'द्वारे'चं 'व्दारे' झालेलं असतं, तिथे तुमच्या मुलाचं काय. तुलनाच करायची तर 'अव्दैत' वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, तो अद्वैतच वाचतो. 'अर्थव' मात्र वाचणारा तसंच वाचतो आणि हाकही तशीच मारतो. या एका बाबतीत अद्वैत सरस.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये पाऊल जपून टाका. अथर्व दोन तऱ्हांनी लिहितात, शेवटी 'ए' असलेलं आणि नसलेलं. शेवटचा 'ए' ठेवा. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' एरवी आपण गिळतो ('राहुल'मधला 'ल' बघा), पण जोडाक्षरानंतर तो थोडा ऐकू येतो: धर्म, सूर्य, अथर्व. म्हणून ए-टी-एच-ए-आर-व्ही-ए हेच उच्चाराला धरून आहे. आपल्या दक्षिणेकडचे लोक 'टी-एच'चा उच्चार 'त' करतात (तिकडे ललिताच्या स्पेलिंगात 'टी-एच' असतं), त्यामुळे बेंगळुरूला गेला की तो 'अतर्व' होईल. ते चालवून घ्यायचं.

अद्वैतला उलट नियम. शेवट साध्या 'त'चा, म्हणून शेवटी 'ए' नको. 'ए' जोडलात की 'अद्वैता' वाचतात आणि फॉर्मवर मुलगी समजतात. शेवटी 'टी-एच'ही नको, ते दक्षिणी वळण. राहिला प्रश्न मधल्या अक्षराचा, 'व्ही' की 'डब्ल्यू'. महाराष्ट्रात दोन्ही चालतात, आणि म्हणूनच गोंधळ होतो: शाळेत एक, बँकेत दुसरं. जे ठरवाल ते बारशाच्या आधी एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवा.

जर्मनीचा मुद्दा इथेच येतो. जर्मनमध्ये 'टी-एच'चा उच्चार नुसता 'ट' होतो आणि 'व्ही'चा बऱ्याचदा 'फ'. इव्हा हे नाव ते 'एफा' म्हणतात. म्हणजे तिथल्या किंडरगार्टनमधल्या बाई अथर्वला 'आटार्वा' म्हणतील नाहीतर 'आटार्फा'. अद्वैत 'व्ही'ने लिहिलं तर 'आटवाइट' नाहीतर 'आटफाइट'. 'डब्ल्यू'ने लिहिलं तर मात्र 'आटवाइट'च, कारण जर्मन 'डब्ल्यू' म्हणजे आपला 'व' आणि 'ए-आय' म्हणजे 'आय'. अद्वैतला इथेही थोडं झुकतं माप. पण दोनच वर्षं जायची आहेत आणि तीही बाळ पहिला वाढदिवस करत असताना. तेवढ्यासाठी पुढच्या सत्तर वर्षांचं नाव ठरवू नये. कायमचंच जाणार असतात त्यांनी याचा विचार जरूर करावा.

आता तुमच्या घरचं गणित. पत्रात तुम्ही पूर्ण नावं कळवली आहेत, ती इथे छापत नाही. तुमचं आडनाव 'व'ने सुरू होतं आणि त्याच्या पोटात रफार आहे, तेव्हा उदाहरणाला 'वर्तक' धरू. मोठ्याने म्हणा: अथर्व वर्तक. 'व'ला 'व' भिडतो, पाठोपाठ दुसरा रफार. भरभर बोलताना एक 'व' गळतो आणि फोनवर पलीकडच्याला 'अथर वर्तक' ऐकू येतं. अद्वैत वर्तक कसं स्वच्छ निघतं. मध्ये वडिलांचं नाव घातलं की मात्र हा दोष दिसेनासा होतो: अथर्व राहुल वर्तक. आणि आपल्याकडे मधलं नाव असतंच. आता तर त्याच्याही आधी आईचं नाव येतं. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्याच्या निर्णयानुसार शाळेच्या आणि इतर सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम आहे. म्हणून हल्ली नाव पारखायचं ते चार शब्दांत. तुमचं नाव 'अ'ने सुरू होत असतं, समजा अर्चना, तर 'अथर्व अर्चना' म्हणताना दोन 'अ' एकमेकांत मिसळले असते. तुमचं नाव व्यंजनाने सुरू होतं, त्यामुळे ती अडचण नाही.

हाक मारून बघा, गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोराला मारतो तशी. लांबवायला दीर्घ स्वर लागतो. 'अद्वैऽऽत'मधला 'ऐ' छान ताणला जातो. अथर्वमध्ये सगळे 'अ'च, म्हणून शेवटी 'अथर्वाऽऽ' करावं लागतं. तेही वाईट नाही, संबोधनाचं जुनं मराठी वळणच ते.

इथपर्यंत हिशेब केला तर अद्वैत पुढे आहे. पण आद्या आहे ना!

घरात दिवसातून पन्नास वेळा जे ऐकू येणार आहे ते पूर्ण नाव नसतं, स्पेलिंग नसतं, नावाचा पहिला दीड तुकडा असतो. आद्या आणि अद्वैत यांचा तो तुकडा जवळजवळ एकच आहे. स्वयंपाकघरातून हाक मारलीत की दोघं माना वळवतील, नाहीतर दोघंही वळवणार नाहीत. अद्वैतची लाडाची रूपं कोणती? आदू, अद्वू, अद्या. मुंजीच्या वयात मित्र प्रत्येक नावाला 'या' लावतात, तो 'अद्या' होणार म्हणजे होणार, आणि ताई 'आद्या'. एवढी चार वर्षं जे 'आदू' तिचं एकटीचं होतं त्यात वाटेकरी आला, हे तिला आवडेल का? अथर्वचं 'अथू' होतं किंवा 'अथ्या'. तिथे टक्कर नाही. ती स्वतः सुरुवातीला त्याला 'अथव' म्हणेल, कारण चार वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या तोंडात 'र' नीट बसलेला नसतो. 'अद्वैत'चंही 'अदैत' झालंच असतं.

दोघांची आद्याक्षरं एक होणार, हा दोष मात्र दोन्ही नावांत आहे. ए. आर. वर्तक ताईही आणि भाऊही. लसीकरणाच्या कार्डांवर, रेल्वेच्या तिकिटावर, कुरिअरच्या पाकिटावर दोघांचं नाव आद्याक्षरात आटवू नका, पूर्ण लिहा.

बालवाडीतल्या दोन अथर्वांची चिंता थोडी चुकीच्या जागी आहे. ती आद्याच्या वयाची मुलं आहेत. तुमचा मुलगा ज्यांच्याबरोबर वर्गात बसेल ती आत्ता पाळण्यात आहेत. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस द्यायला जाल तेव्हा तिथे पुकारली जाणारी नावं ऐका, तोच खरा नमुना. पण तोवर बारसं होऊन गेलेलं असेल, म्हणून सरळ मान्य करा की दोन्ही नावं गेली काही वर्षं भरपूर ठेवली जात आहेत, आणि वर्गात एखादा नाववाला भेटणारच. मग बाई 'अथर्व व्ही' आणि 'अथर्व के' म्हणतील. मुलांना याचा त्रास होतो त्यापेक्षा आईबापांनाच जास्त होतो.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं बाजूला सारू नका, त्यावर परंपरेतच तोड आहे. पुष्य नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं हू, हे, हो, डा. दुसऱ्या चरणाचं 'हे', म्हणजे गुरुजींनी बरोबर सांगितलंय. 'अ' हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं, त्यामुळे अथर्व आणि अद्वैत दोन्ही नक्षत्राबाहेरची. पण नामकरणात एकच नाव ठेवतात असं कुठे आहे? देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं विधीत येतात, आणि हाक मारायचं नाव चौथं. तिसऱ्या जागी 'हेरंब' घाला. 'हे' अक्षर सांभाळलं, आणि हेरंब म्हणजे गणपती. अथर्वशीर्षामुळे अथर्व नावाची गाठ तिथेच पडते. पुण्याकडे ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, त्यांतल्या कुणालाही हेरंब आणि अथर्व यांचं नातं सांगावं लागणार नाही. पत्रिकेत हेरंब, दाखल्यावर अथर्व. सासूबाईंना ही जोडी रुचेल असं वाटतं. अद्वैतला असं गणपतीचं नातं जोडता येत नाही.

तेव्हा आमचा कौल अथर्वला. आडनावाशी थोडं अडखळतं, रफार आयुष्यभर सांभाळावा लागेल, तरीही. आद्या नसती तर अद्वैत म्हटलं असतं.

नणंदबाईंना हे तुम्ही सांगू नका, मिस्टरांना सांगायला लावा, आणि बारशाच्या दिवशी नाही, आज. आत्याचा मान नाव सांगण्याचा आहे, तो पूर्ण त्यांचाच ठेवा. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करून बाळ पाळण्याखालून फिरवून झालं की कानात पहिलं 'कुर्र' त्याच करणार. हेरंब हे नावसुद्धा त्यांच्याच तोंडून जाहीर होऊ द्या.

दाखल्यात नाव घालायला बारशानंतर महिन्याभरात जा. पालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात किंवा ज्या विभागाकडे जन्मनोंद झाली तिथे, दोघांची आधारकार्डं आणि हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद बरोबर घेऊन. नाव तोंडी सांगू नका. पांढऱ्या कागदावर दोन ओळी ठळक लिहून न्या, मराठी आणि इंग्रजी. मराठी ओळीत रफार मोठा काढा आणि तो 'व'च्या बरोबर मधोमध आहे ना ते बघा. छापण्याआधी पडद्यावरची नोंद दाखवा म्हणावं, आणि चार गोष्टी बोट ठेवून वाचा: रफार कुठे आहे, इंग्रजीत शेवटचा 'ए' आहे का, आईचं नाव सासरचं की माहेरचं, जन्मतारीख. शिक्का बसल्यावर चूक सापडली तर अर्ज आणि पुरावे घेऊन पुन्हा खेटे.

रविवारच्या बॅनरवाल्याला आणि केकवाल्यालाही नाव फोनवर सांगू नका, व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा. आणि बॅनर छापायच्या आधी त्याचा फोटो मागवा.